पहिल्या नंबरची कोंबडी

कोंबडी कोंबडीला मारते, हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं. पुस्तकात वाचून कळलं असतं तर "असं का?" म्हणून मी पान उलटलं असतं. पण ते मला माझ्याच परसात, माझ्या डोळ्यांसमोर, अवघ्या चार मिनिटांत कळलं, आणि त्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही.

बेत साधा होता. नऊ गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा पाळायचा, अंडी उबवून पिल्लं काढायची, चांगलं वाण वाढवायचं. चिखलीच्या एका टोकाला आमची कॉलनी, घरामागे मोकळी जागा, आणि मी माध्यमिक शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारा माणूस, म्हणजे दुपारनंतर वेळच वेळ. चार कोंबड्या माझ्या आईनं, जनकाबाईनं, जानेफळहून पाठवल्या. पाच कोंबड्या आणि कोंबडा मी खामगावच्या बाजारातून आणला. सुताराकडून जाळीचं कुंपण करून घेतलं, आत निजायला खोपी केली, आणि बरोबर मधोमध, चारी बाजूंनी सारख्या अंतरावर, दाण्याचं एकच मोठं टोपलं ठेवलं. ती जागा मी टेपनं मोजून काढली होती. कुणाला जवळ, कुणाला लांब असं नको. वर्गात समतेचा धडा शिकवणाऱ्या माणसाच्या परसात तरी असं नको.

दार उघडून सगळ्यांना आत सोडलं आणि मी समाधानानं हात झटकले. दुसरा हात झटकून व्हायच्या आत जानेफळची काळ्या मानेची कोंबडी हवेत उडाली, खामगावच्या पांढरीच्या पाठीवर बसली, तिचा तुरा चोचीत धरला आणि चिंच हलवावी तशी तिला हलवायला लागली. बाकीच्या तीन जानेफळकरणी मदतीला धावल्या. पिसं उडाली. रक्त निघालं. मी "अहो, अहो!" असं ओरडलो. कोंबड्यांना मी 'अहो' म्हणालो, यावरून माझी मनःस्थिती लक्षात यावी.

छत्री घेऊन मी आत शिरलो. काळ्या मानेच्या त्या कोंबडीनं पांढरीला सोडलं, छत्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या घोट्यावर अशी चोच मारली की मी छत्रीसकट बाहेर आलो.

"सर, तुमी मधात पडू नका!" भिंतीपलीकडून आवाज आला. शेजारच्या गुलनारभाभी. त्यांच्या मिस्टरांचं गाद्यांचं दुकान आहे, आणि भाभी लहानपणापासून कोंबड्यांत वाढलेल्या. "नंबर लागून राह्यला त्यांचा."

"कसला नंबर?"

"कोन पयली, कोन दुसरी. पयली सगळ्यायले मारते. दुसरी पयलीले सोडून सगळ्यायले. अशी उतरत जाते. शेवटची जी असते नं, ती कोनालेच मारत नाई. तिले सगळ्या मारतात."

मला जोराचा धक्का बसला. अशी रचना मला ऐकून माहीत नव्हती असं कोण म्हणेल? पण ती माणसांनी केली असं मी आजवर समजत होतो. आमच्या घरात ज्या गोष्टीशी आजोबांच्या पिढीपासून भांडण, ती मी स्वतः बाजारातून पिशवीत घालून आणली होती.

"माझ्या घरी हे चालणार नाही, भाभी," मी म्हणालो.

"तुमचं चालते का, ते त्यायले इचारा आधी."

"आणि तो कोंबडा काय करतोय? नुसता उभा आहे!"

"बायामानसाच्या भांडनात कोंबडा पडत नाई, सर. तुमीच पडून राह्यले फक्त."

पुढचे आठ दिवस मी त्या परसात सुधारणा राबवल्या. काळ्या मानेची पहिली, हे ठरून गेलं होतं. माझी बायको दीपमाला उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. तिनं एकदाच जाळीतून पाहिलं आणि त्या कोंबडीचं नाव 'सुपरवायझर' ठेवलं. का, ते मी विचारलं नाही. सरकारी नोकरीत काही गोष्टी न विचारलेल्या बऱ्या. शेवटचा नंबर एका राखाडी कोंबडीचा लागला. तिला आम्ही राखी म्हणायला लागलो. राखीला दाण्याजवळ कुणी फिरकू देईना. पाठीवरची पिसं उपटून उपटून तिथं नुसतं कातडं दिसायला लागलं.

मी राखीला रोज वेगळं काढून, मांडीवर घेऊन, हातानं ज्वारी भरवायचो. पाणी चमच्यानं. पोट भरलं की परत आत. आणि आत सोडली की सगळ्या मिळून तिला आधीच्या दुप्पट मारायच्या. मग मी शाळेच्या खेळाच्या कपाटातली शिट्टी आणली. भांडण सुरू झालं की शिट्टी वाजवायची, त्या दचकून थांबतात. दोन दिवस थांबल्या. तिसऱ्या दिवसापासून शिट्टी वाजली की आजूबाजूच्या घरांतली मंडळी भिंतीवरून बघायला यायला लागली, आणि कोंबड्या मात्र आपापलं काम करत राहिल्या.

राखीच्या पाठीची जखम चिघळेल म्हणून एका सकाळी मी घरातलं लाल औषध कापसानं तिच्या पाठीवर लावलं. छान, जाडसर लावलं. कुठं कमी पडायला नको.

ते दृश्य मी वर्णन करणार नाही. एवढंच सांगतो की तोवर ज्या तीन-चार कोंबड्या सज्जन होत्या, त्याही धावून आल्या. मी राखीला पोटाशी धरून खाली वाकलो आणि माझ्या पाठीवरून कोंबड्या चढत होत्या.

"अल्ला! सर, लाल काऊन लावलं?" गुलनारभाभी भिंतीवरून ओरडल्या. "लाल पाह्यलं का कोंबडी पागल होते! जांभळं लावा, जांभळं! रगत दिसलं नाई पायजे!"

हे ज्ञान वेळेवर मिळालं असतं तर बरं झालं असतं, पण ज्ञानाचा आणि वेळेचा माझ्या आयुष्यात कधी मेळ बसला नाही. दीपमालानं जांभळ्या औषधाची बाटली दिली. पंख फडफडवणाऱ्या कोंबडीला एका हातानं धरून दुसऱ्या हातानं बाटली उघडणं, हे ज्यांनी केलं नसेल त्यांनी मला हसू नये. राखी जांभळी झाली. मीही झालो. दोन्ही हात मनगटापर्यंत, नाकाचा शेंडा आणि डावा कान. साबण लावला, लिंबू लावलं, दगडानं घासलं. दहा वाजता तसाच शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग नाकाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "सर, यंदा तर निवडणूक नाही."

मी म्हणालो, "कोंबडी."

ते "बरं," म्हणाले. या 'बरं'चा अर्थ मला दिवसभर टोचत राहिला.

पण त्याहून मोठा धक्का शनिवारी दुपारी दारात उभा राहिला. खाकी गणवेशात. पोलीस जमादार इंद्रभान. हातात कागद.

"जय भीम, सर," तो म्हणाला. "वळखलं का? नववी ब. खिडकीजवळचा बाक."

मी ओळखलं. त्याला वार्षिक परीक्षेत पस्तीस गुण मीच दिले होते. बसायला सांगितलं. पण तो बसेना. म्हणाला, ड्युटीवर आहे, तुमच्याविरुद्ध अर्ज आहे. आणि त्यानं वाचायला सुरुवात केली. अर्ज आमच्या मागच्या घरातल्या नारायणरावांचा होता. नारायणराव तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज तपासले, आता स्वतः लिहितात, आणि अक्षर अजून मोत्यासारखं.

"'सदर इसम हा शिक्षकी पेशातील असून,'" इंद्रभान वाचत होता, "'आपले राहते घराचे मागील बाजूस, शिट्टी वाजवून, कोंबड्यांच्या झुंजी लावतो. झुंज पाहण्याकरिता गर्दी जमते. जी कोंबडी जिंकते तिला तो जांभळा रंग लावतो, व स्वतःही लावून घेतो.'"

पंचवीस वर्षं ज्यानं मुलांना कायद्याचं राज्य म्हणजे काय ते शिकवलं, त्याच्यावर झुंजी लावल्याचा आरोप! आणि त्यात सगळ्यात वाईट हे की प्रत्येक वाक्यात काहीतरी खरं होतं. शिट्टी खरी, गर्दी खरी, रंग खरा. नाकाचा शेंडा तर त्या क्षणीही जांभळा होता, आणि इंद्रभान त्याच्याकडे बघत होता.

"अरे, पण जी हरते तिला रंग लावतो मी!" मी म्हणालो, आणि म्हणताक्षणी मला कळलं की हे म्हणायला नको होतं.

"म्हंजे झुंज होते," इंद्रभाननं टिपून घेतलं.

"इंद्रभान, तू मला ओळखतोस ना रे?"

"हाव सर. पन कायद्यापुढं सगळे सारखे. तुमीच तर शिकवलं होतं." तो खरोखर संकोचला होता. "मले जागेचा पंचनामा करा लागन. तवरोक तुमी डॉक्टरचा कागद आना. का कोंबड्या आपल्याच मनानं भांडतात म्हनून."

सोमवारी मी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. समोर एक म्हैस सुई टोचून घ्यायला तयार नव्हती, त्यामुळे थोडं थांबावं लागलं. माझं सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "कोंबडी स्वेच्छेनं भांडते असा दाखला द्यायचा नमुना आमच्याकडे नाही, सर. पक्षी तपासल्याचा आहे. पक्षी आणा."

मुख्य आरोपी म्हणून सुपरवायझरला टोपल्यात घालून, वर पोतं बांधून, ऑटोनं नेलं. टोपल्यातून तिनं ऑटोवाल्याच्या पाठीला दोनदा चोच मारली. त्यानं मला मध्येच उतरवलं. उरलेली वाट मी टोपलं डोक्यावर घेऊन चाललो. वाटेत नववीतल्या दोन मुली भेटल्या. "नमस्कार सर," म्हणाल्या. मी मान हलवू शकलो नाही, कारण मानेवर सुपरवायझर होती.

डॉक्टरीणबाईंनी तिला उलटी-सुलटी करून पाहिली. "तब्येत एकदम उत्तम," म्हणाल्या. "चूक तुमची आहे."

"माझी?"

"दोन ठिकाणच्या कोंबड्या एकदम एकत्र सोडल्या. दाण्याचं टोपलं एक. लपायला आडोसा नाही. मग काय करतील त्या? तीन-चार ठिकाणी दाणे ठेवा. फळ्या, खोके, काहीतरी आडोसा करा. कोबीचा गड्डा टांगा, चोचीला काम मिळतं. आणि हिला सहा दिवस नजरेआड ठेवा. परत येईल तेव्हा हिचा नंबर गेलेला असेल."

त्यांनी दाखला दिला. 'सदर पक्षी मादी, गावरान, निरोगी.' भांडणाबद्दल अवाक्षर नाही, पण शिक्का गोल होता.

सहा दिवस सुपरवायझर गुलनारभाभींच्या स्वयंपाकघरात एका डालीखाली राहिली. इकडे मी सुट्टीच्या दिवशी राबलो. चार कोपऱ्यांत चार टोपली ठेवली. शाळेतून मोडके बाक आणून आडवे टाकले. जुन्या कूलरचा गंजका पत्र्याचा सांगाडा एका कडेला ठेवला. कोबी टांगला. आणि खरंच, परस शांत झालं. राखीच्या पाठीवर कोवळी पिसं दिसायला लागली. मी खुर्ची टाकून संध्याकाळी तिथं बसायला लागलो आणि मला वाटायला लागलं की समता थोड्या उशिरानं का होईना, येते.

सातव्या दिवशी भाभींनी सुपरवायझरला आणून आत सोडलं. ती जुन्याच तोऱ्यात दाण्यापाशी गेली. आणि एक कोंबडी सरळ तिच्या अंगावर गेली. तुरा धरला, डोकं जमिनीला लावलं, मान तुडवली. बाकीच्या मागे धावल्या. सुपरवायझर ओरडत बाकाखाली शिरली तर तिथूनही तिला ओढून काढलं.

ती पहिली कोंबडी राखी होती.

मी जागच्या जागी खाली बसलो. जिला मी चमच्यानं पाणी पाजलं, जिच्यासाठी मी जांभळा झालो, माझ्यावर पोलीस आले, ती! आणि सुपरवायझरनं कधी मारलं नसेल असं मारत होती. थांबत नव्हती.

"पाह्यलं?" दीपमाला मागे येऊन उभी राहिली. "तुमचीच लाडकी."

"तिला तर माहीत आहे मार खाणं काय असतं!" मी म्हणालो.

"म्हनूनच येते ना तिले एवढं चांगलं मारता." दीपमाला दिवसभर दवाखान्यात माणसं बघते. तिला धक्के बसत नाहीत. "चला, जेवून घ्या."

मी जेवलो नाही. पहिल्यांदाच मला त्या काळ्या मानेच्या कोंबडीचं वाईट वाटलं. तिला मीच नेलं होतं, मीच दूर ठेवलं होतं, आणि नंबर गेल्यावर कुणाच्या दारात उभं राहावं हे तिला कळत नव्हतं. ती कूलरच्या सांगाड्यात जाऊन बसली ती बाहेरच येईना. दाणे टाकले, आली नाही. पाणी ठेवलं, आली नाही. हात घातला की फुगून कुर्रर्र करायची. मला वाटलं, आता ही जाते.

मी आईला फोन केला. दुसऱ्या दिवशी आई एसटीनं जानेफळहून आली. पिशवी खाली न ठेवता परसात गेली, कूलरमध्ये वाकून पाहिलं आणि हसायला लागली.

"अरे बापू, ती मरत नाई. खुडूक झाली ती. तिले बसाचं हाय. अंडे आन."

"पण आई, सगळ्या तिला मारतात गं."

"आता तिले कोनाचं काई नाई. आन तू अंडे."

आईनं तिच्या पोटाखाली एकेक करून अंडी सारली. आत अंधारात ती पंख पसरून अंड्यांवर बसली. मी रोज सकाळी फक्त पाणी बदलायचो. राखी आणि बाकीच्या कूलरकडे फिरकत नव्हत्या. त्यांचं आपसात अधूनमधून एखादी चोच, एखादं 'क्वाक' चालू असायचं, पण रक्त नव्हतं. गुलनारभाभी म्हणाल्या, "नंबर राहनारच, सर. फक्त कोनी मरू नाई, एवढं आपुन पाहाचं." यावर मला बरंच बोलायचं होतं, पण मी पाण्याचं भांडं विसळायला घेतलं.

पंचनामा तीनदा पुढे गेला. कधी बंदोबस्त, कधी साहेबांचा दौरा. अखेर महिना उलटून गेल्यावर इंद्रभान आला, आणि पंच म्हणून त्याच्याबरोबर स्वतः नारायणराव. पांढरा पायजमा, खिशाला पेन, चष्मा.

मी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभा होतो. नाक स्वच्छ होतं. कोंबड्या कोबीच्या गड्ड्याखाली गुण्यागोविंदानं टोचत होत्या. राखी बाकावर बसून ऊन खात होती. इंद्रभाननं दाखला वाचला, जाळी मोजली, बाक मोजले. "गर्दी नाई. रगत नाई. शिट्टी?"

"शाळेत परत केली."

"मंग झालं," तो वही उघडत म्हणाला.

"झालं कसं?" नारायणराव पुढे झाले. "त्या कूलरमध्ये काय हाय ते पाह्यलं का? दडवून ठेवेल हाय तिथं काहीतरी. मी रोज पाहून राह्यलो." आणि कुणी काही म्हणायच्या आत ते कूलरपाशी जाऊन वाकले आणि डोकं आत घातलं.

आतून जे बाहेर आलं ते कोंबडीच्या आकाराचं नव्हतं. सगळी पिसं उभी, पंख जमिनीला टेकलेले, दुप्पट झालेली ती सुपरवायझर तोफेसारखी सुटली. नारायणरावांचा चष्मा एकीकडे आणि ते दुसरीकडे गेले. ते बाकावर चढले. राखी बाकावरून उडाली ती थेट खोपीच्या पत्र्यावर. कोंबडा जाळीला चिकटला. बाकीच्या कोंबड्या कोपऱ्यात एकमेकींच्या अंगाखाली शिरल्या. इंद्रभान मध्ये पडला आणि त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब आला. अर्ध्या मिनिटात त्या परसात उभं राहायची हिंमत एकाचीही उरली नाही.

संपलं, माझ्या मनात आलं. पोलिसाला जखम. पंचाला मारहाण. निलंबन. चौकशी. वर्तमानपत्रात नाव, बहुतेक फोटोही.

"लिहा!" बाकावरून नारायणराव ओरडले. "झुंजीची कोंबडी! माह्या डोळ्यानं पाह्यली!"

इंद्रभान बोट तोंडात धरून बघत होता. कूलरच्या तोंडाशी काहीतरी हललं. एक पिवळं पिल्लू बाहेर आलं, अडखळलं, मग दुसरं, मग एक काळं, मग सहा एकदम. ती फुगलेली सुपरवायझर वळली, हळू आवाजात 'कुक्, कुक्' करत खाली बसली, आणि पिल्लं तिच्या पंखांखाली एकेक करून नाहीशी झाली. फक्त एकाचं डोकं पिसांतून बाहेर राहिलं होतं.

इंद्रभाननं वही गुडघ्यावर घेतली आणि मोठ्यानं म्हणत म्हणत लिहिलं, "'मौक्यावर झुंजीची कोंबडी मिळून आली नाही. एक आई मिळून आली.'" त्यानं वही बाकाकडे धरली. "काका, सही करा."

नारायणरावांनी चष्मा मागितला. मी वाळूतून काढून, पुसून, वर दिला. त्यांनी मजकूर दोनदा वाचला, एका ठिकाणी वेलांटी दुरुस्त केली, आणि बाकावर उभ्या उभ्याच सही केली. खाली उतरायची मात्र त्यांनी घाई केली नाही. वरूनच पिल्लांकडे वाकून पाहत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "किती निघाले, सर?"

"नऊ," मी म्हणालो.

"नऊच?" ते म्हणाले. "कालपासून गच्चीवर बसून चिवचिव ऐकून राह्यलो मी. मले वाटलं, दहा तरी असतीन."